फोनला सगळं येतं, मग शाळेत काय शिकायचं? – वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की मोबाइल, एआय, ऑनलाइन क्लास या सगळ्याच्या काळात शाळेने नेमकं काय शिकवावं असं तुम्हाला वाटतं, तुमच्या शंका पाठवा. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप तर विचारू नका, त्यातले सहा प्रश्न इथे घेतलेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून कुणाचीच नावं देत नाही. माझ्याबद्दल नव्या वाचकांना एवढंच सांगते की मी एकतीस वर्षं आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान शिकवलं, सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात झाली, आणि जे सांगते ते त्याच जिवावर.

प्रश्न : ताई, मुलगा चौथीत आहे. सोसायटीतली निम्मी मुलं ऑनलाइन कोडिंगला जातात. क्लासवाल्यांचा रोज फोन येतो की आत्ता नाही शिकला तर कायमचा मागे पडेल. वर्षाची फी बेचाळीस हजार, हप्त्याने भरा म्हणतात. मिस्टर म्हणतात घालूया, माझं मन होत नाहीये. (एक आई, नाशिक)

मन होत नाहीये ना, मग नका घालू. आणि हप्त्याच्या कागदावर तर अजिबात सही करू नका, कारण अशा हप्त्यामागे बऱ्याचदा एखाद्या फायनान्सवाल्याचं कर्ज असतं, मुलाने दोन महिन्यात क्लास सोडला तरी हप्ते खात्यातून जात राहतात. माझ्या भाचीने हे भोगलंय, तिला ते बंद करायला सात महिने लागले.

आता भीतीबद्दल. २०२० चं नवीन शैक्षणिक धोरण आलं त्यात कोडिंगचा उल्लेख आहे, क्लासवाले तेच दाखवतात, पण त्यात ते सहावी ते आठवीच्या टप्प्यापासून सांगितलंय, चौथीच्या पोराला नाही. दुसरं म्हणजे हे 'आत्ता नाही तर कधीच नाही' आपण आधीही ऐकलंय. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांमध्ये कॉम्प्युटर आणायची योजना काढली, बीबीसी मायक्रो नावाची मशिनं आली, मुलं त्यावर बेसिक भाषेतल्या कमांड शिकायची. आज ते मशीन कुठे बघायला मिळेल तर संग्रहालयात. मग २००१ मध्ये एमएस-सीआयटी आली, गावोगावी वर्ग निघाले, मी स्वतः केली आणि मला तिचा फायदाच झाला, माउसला हात लावायची भीती गेली हे काही लहानसहान नाही. पण कुठल्या मेनूत कुठलं बटण हे जे आम्ही घोकलं ते पाच-सहा वर्षांत जागचं हललं. टिकलं काय, तर एक्सेलमध्ये सूत्र घालताना आधी डोक्यात मांडणी करावी लागते, ती मांडणी.

तीच मांडणी चौथीतल्या मुलाला फुकटात शिकवता येते हो. त्याला सांगा, पोहे कसे करायचे ते पायरी पायरीने कागदावर लिही. मग तुम्ही अगदी त्याने लिहिलंय तेवढंच करा, मनाचं काही घालू नका. त्याने 'पोहे भिजवा' लिहिलं आणि किती वेळ ते लिहिलंच नाही तर ठेवा अर्धा तास पाण्यात आणि तो लगदा त्याला दाखवा. तो म्हणेल अगं आई असं नाही, आणि कागद ओढून घेऊन दुरुस्त करायला बसेल. हे जे दुरुस्त करणं आहे ना, प्रोग्रामर लोक दिवसातला अर्धा वेळ हेच करत असतात. शिवाय सीएसपाठशाळा म्हणून एक उपक्रम २०१६ पासून चालू आहे, ते कॉम्प्युटरशिवाय कॉम्प्युटरचा विचार शिकवायचं साहित्य फुकट देतात, आणि बेब्रास नावाची कोड्यांची एक स्पर्धा आहे जी २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झाली आणि आता आपल्याकडेही होते. त्यातली कोडी काढा आणि रात्री जेवताना घरात सोडवा. मिस्टरांनाही बसवा, त्यांनाही आवडतील.

मुलाला स्वतःला गोडी लागली तर सहावी-सातवीत जरूर शिकू दे. तोपर्यंत त्याचे पाढे, वाचन आणि मैदान यातलं काही कमी करू नका.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या वर्गातले जवळजवळ सगळे निबंध आणि प्रोजेक्ट एआयकडून लिहून घेतात. सरांना कळत नाही किंवा कळलं तरी काही बोलत नाहीत. मी स्वतः लिहिते आणि मला त्यांच्यापेक्षा कमी मार्क मिळतात. मग मी कशाला लिहू? (विद्यार्थिनी, बार्शी)

बाळा, तुझा प्रश्न मी तीन वेळा वाचला. रागावून विचारलायस आणि राग बरोबर आहे तुझा, ज्याने काम केलं त्याला कमी मार्क हा अन्यायच आहे, त्याला मी दुसरं काही म्हणणार नाही.

पण यात चूक कुणाची ते आधी बघू. 'पावसाळ्यातील एक दिवस', 'नदीचे आत्मवृत्त', 'मी पंतप्रधान झाले तर', हे विषय मी शाळेत होते तेव्हाही होते. आणि तेव्हाही मुलं गाइडमधून पाठ करायची, सगळ्यांच्या नदीला तेच दुःख आणि सगळ्यांच्या पावसात तीच भजी. आम्ही शिक्षकांनी त्याला मार्क दिले. म्हणजे कुणाचंच नसलेलं, गुळगुळीत, चूक नसलेलं लिखाण आम्हीच वर्षानुवर्षं मागत आलो, आणि आता तसं लिखाण एका सेकंदात देणारं मशीन आलं तर आम्ही मुलांना कॉपीबहाद्दर म्हणतो. बदलायला हवाय तो विषय. हे मी तुझ्या सरांना पण इथून सांगतेय, ते वाचत असतील तर.

रिटायर व्हायच्या आधीच्या वर्षी मी नववीच्या एका वर्गाला सांगितलं होतं, आपल्या गावच्या जत्रेवर एआयकडून एक पान लिहून घ्या, प्रिंट काढा, आणि लाल पेनने त्यातलं खोटं शोधा. त्या पानावर पालखी होती, पाळणे होते, मिठाईची दुकानं होती, वाचायला छान. पण आमच्या गावच्या जत्रेत पाळणा कधी येतच नाही, रस्ता अरुंद आहे, ट्रक वर चढत नाही. देवाचं नाव बरोबर होतं पण नैवेद्य चुकीचा. एका मुलीने शोधून काढलं की त्यात दिलेला महिनाच आपल्या जत्रेचा नाही. पोरं अशी पेटली होती की तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही. ते मशीन करतं काय, तर आतापर्यंत लोकांनी जे लिहून ठेवलंय त्यावरून आता पुढचा शब्द कुठला शोभेल हे ठरवत जातं. तुमच्या गावाबद्दल कुणी लिहूनच ठेवलेलं नसेल तर ते दुसऱ्या गावांसारखं काहीतरी शोभेलसं लिहितं, आणि ते इतक्या ठाम आवाजात की वाचणाऱ्याला शंका येऊ नये. शंका कुणाला आली, तर जी जत्रेत जाऊन आली होती तिला.

म्हणून तू लिही. जी स्वतः लिहिते तिलाच दुसऱ्याच्या लिखाणात कुठे पोकळ वाजतंय ते कळतं, आणि पुढची चाळीस वर्षं तुला मशीनने लिहिलेलं वाचूनच निर्णय घ्यायचेत, डॉक्टरकडे, बँकेत, नोकरीत. सरांना तू एकदा जाऊन सांग की सर, मला विषय वेगळा द्याल का, आमच्या घरातल्या सगळ्यात जुन्या भांड्यावर लिहू का, आणि वर्गात समोर बसून लिहिते. असं विचारलेलं बहुतेक शिक्षकांना आवडतं, मला तरी आवडलं असतं. आणि एआय वापरायचंच नाही असं मी म्हणत नाही. तुझं लिहून झालं की त्याला दे, यात काय कच्चं आहे विचार, मग त्याचं किती ऐकायचं ते तू ठरव.

प्रश्न : आम्ही शेतकरी. शाळेत म्हणे आता रोबोट आणि एआय शिकवणार. आमच्या पोराला दहावी होऊन साधी मोटर जोडता येत नाही, शेतातलं काही कळत नाही. हे टेक्नॉलॉजी-टेक्नॉलॉजी करण्यापेक्षा शेती शिकवा की. (शेतकरी, औसा, जि. लातूर)

दादा, शंभर टक्के पटलं, पण एक दुरुस्ती सुचवते, मोटर पण टेक्नॉलॉजीच आहे. आपल्याकडे टेक्नॉलॉजी म्हटलं की लोकांना फक्त स्क्रीनच दिसते, हीच सगळी गडबड आहे.

तुमची मागणी किती जुनी आहे सांगू का? १८८२ मध्ये इंग्रज सरकारचा शिक्षणाबद्दलचा हंटर आयोग आला तेव्हा महात्मा फुल्यांनी त्याच्यापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं ते त्यांनी त्यात सांगितलंय, मोडी आणि बालबोध वाचता यावं, हिशोब यावा, इतिहास, भूगोल, व्याकरण यांची तोंडओळख, आणि त्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य. शिक्षक कसा हवा तर वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा. मग गांधीजींची नई तालीम, १९३७ ची वर्ध्याची परिषद, हाताने काम करता करता शिकायचं. मग शिक्षणावरच्या कोठारी आयोगाने कार्यानुभव, म्हणजे शाळेत हाताने करायचं काम, सांगितला, आणि आपण त्याचं काय केलं तर शुक्रवारचा शेवटचा तास, कागदाची फुलं, आणि परीक्षा जवळ आली की तोही तास गणिताला. मी स्वतः तो तास घेतलाय गणितासाठी, कितीदा तरी, आणि आता त्याचं वाईट वाटतं.

पण एका ठिकाणी हे नीट झालं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून माणूस दुष्काळी गावात जाऊन राहिला. त्यांचं म्हणणं असं की मुलांनी वेल्डिंग करावं, वायरिंग करावं, माती तपासावी, कोंबड्या पाळाव्यात, रक्ताचा गट तपासावा, आणि हे सगळं करताना विज्ञान शिकावं. त्यातून शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञान हा विषय तयार झाला, आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस वर्कशॉपमध्ये. बिघडलेलं गावातल्या लोकांचंच दुरुस्त करायचं. पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञानाच्या विद्यापीठाबरोबर त्याच पाबळला फॅब लॅब, म्हणजे हवी ती वस्तू बनवून बघायची कार्यशाळा, उभी राहिली, एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी ती एक, २००२ ची गोष्ट. म्हणजे जिथे कोंबड्यांचा हिशोब चालतो तिथेच कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशिनं आली आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

आता माझा मुद्दा. माझा एक माजी विद्यार्थी, बारावी सायन्स, घरच्या टोमॅटोवर फवारणी करायची होती. लिटरला दोन मिली औषध, पंप पंधरा लिटरचा. पोराने मोबाइलवर गुणाकार केला, घाईत पंधराच्या जागी दीडशे दाबले गेले, उत्तर आलं तीनशे मिली, आणि तो तीनशे मिली मापायला निघाला. आजोबा बांधावर बसलेले, चौथी शिकलेले, ते म्हणाले अरे पीक जाळतोस का काय, झाकणभर लागतं. तीसच मिली लागत होतं. फोनने गुणाकार बिनचूक केला होता बघा, आणि पोरगं गणितात हुशारच होतं. त्याच्याकडे नव्हता तो अदमास, तो आजोबांकडे होता. उत्तर साधारण केवढं यायला पाहिजे हे आधी मनात असणं, आणि आलेलं उत्तर त्याच्याशी लावून बघणं.

हा अदमास शाळेत शिकवता येतो, पण बाकावर बसून नाही. मुलांना शेतात न्यायचं, डोळ्यांनी सांगा हे किती गुंठे, प्रत्येकाने आकडा लिहायचा. मग टेप लावायची, तेहतीस फूट बाय तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मग मोबाइलच्या अ‍ॅपवर तेच शेत मोजायचं. तिन्ही आकडे शेजारी शेजारी. कुणाचा का चुकला यावर भांडायचं. पहिल्या दिवशी पोरं दुप्पट-तिप्पट चुकतात, आठव्या दिवशी दोन-तीन गुंठ्यांवर येतात. अ‍ॅप पण चुकतं, झाडाखाली जास्त चुकतं, ते का चुकतं हे शोधायला गेलं की उपग्रहापर्यंत जाता येतं. मला तर वाटतं की गणितातलं प्रत्येक उदाहरण सोडवायच्या आधी 'अंदाजे किती?' अशी एक ओळ लिहायची सक्ती करावी आणि तिला मार्क ठेवावेत. नव्या धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना आहेत, सुतार, माळी, कुंभार अशा लोकांकडे जाऊन शिकायचं असं लिहिलंय. तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन विचारा की यातला एक दिवस आमच्या विहिरीवर का नाही, मी मोटर दाखवतो. आधी फ्यूज आणि मेन स्विच बंद करायला शिकवा मात्र.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, दुर्गम भाग. शाळेला टॅब मिळाले, ते कपाटात आहेत. रेंज नाही, लाइट जाते, आणि खरं सांगायचं तर पाचवीतल्या निम्म्या मुलांना धड वाचता येत नाही. वरून विचारणा होते की टॅब का वापरत नाही. (शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

सर, आधी वाचन. हे तुम्ही बिनधास्त वरती सांगा. गावागावांतल्या मुलांना काय येतं ते तपासणाऱ्या असर या सर्वेक्षणाचा २०२३ चा अहवाल चौदा ते अठरा वयाच्या मुलांवर होता, ग्रामीण भागातली मुलं, त्यात साधारण चौथा हिस्सा मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा सलग वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचा भागाकार फक्त ४३ टक्क्यांना आला. त्याच मुलांपैकी नव्वद टक्क्यांच्या वर मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. म्हणजे फोन चालवायला आपण शिकवायची गरजच नाही, ते पोरं आपापली शिकतात. जे आपोआप येत नाही ते शाळेचं काम.

तरी टॅब कपाटात ठेवू नका, त्याचा उपयोग आहे पण उलट्या बाजूने. मुलांना त्यात बघत बसवण्यापेक्षा मुलांनी त्यात भरावं. तुमच्याकडे मुलं घरी भिली किंवा पावरी बोलत असतील, तर आजीची गोष्ट रेकॉर्ड करून आणायची, वर्गात ऐकायची, मग ती मराठीत फळ्यावर लिहायची आणि वाचायची. याला रेंज लागत नाही, चार्ज असला की झालं. स्वतःच्या आजीची गोष्ट वाचताना मुलं अडखळत अडखळत का होईना शेवटपर्यंत जातात, हे तुम्ही करून बघा. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, दहा लाख डॉलरचा, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी शिक्षकांना वाटली, तेव्हा पेपरमध्ये सगळीकडे त्यांनी पाठ्यपुस्तकात लावलेल्या क्यूआर कोडचंच नाव झालं. पण त्या कोडच्या मागे काय ठेवायचं ते ठरवायला शिक्षकच लागला ना, आपल्या वर्गाला ओळखणारा. केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅब आहे, शाळेतच मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची, तिला शाळेमागे वीस लाखांपर्यंत मिळतात, कितीतरी ठिकाणी छान काम चालतं, आणि काही ठिकाणी किट हरवेल म्हणून कुलपात असतं. किट हरवू द्या, मोडू द्या, त्यासाठीच आलंय ते. मोडलं तर शिक्षकाच्या पगारातून वसुली हा धाक जिथे असेल तिथे कपाट कधीच उघडणार नाही, आणि हे अधिकाऱ्यांनी नीट ऐकावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : आम्ही स्टॉकहोमजवळ राहतो. इथे शाळेत टॅब कमी करून पुन्हा छापील पुस्तकं आणतायत, आणि भारतातले नातेवाईक म्हणतात आमच्या शाळेत आता सगळं डिजिटल! कोण बरोबर?

स्वीडनने २०२३ मध्ये पुस्तकांसाठी मोठा निधी काढला आणि लहान वर्गातली स्क्रीन कमी करायला घेतली हे खरं आहे. पण त्यांच्याकडे टॅब मुलांच्या हातात येऊन कितीतरी वर्षं झाली, वापरून बघून ते मागे फिरले. आपण त्यांचा जुना धडा नवा म्हणून का गिरवायचा? नातेवाइकांना एवढंच विचारा, त्या डिजिटल शाळेत लायब्ररीचं पुस्तक आठवड्याला घरी येतं का.

प्रश्न : नातवंडं संध्याकाळी मोबाइल सोडत नाहीत, सून-मुलगा पण नाही. मी बोललो तर जुना माणूस ठरतो. (आजोबा, सोलापूर)

आजोबा, तुम्ही एकटे बोलून नाही चालायचं, वेळ ठरवायला लागेल आणि ती सगळ्यांना सारखी. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने हे अख्ख्या गावाला लावलंय. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठपर्यंत मुलं अभ्यास करतात, वाचतात. तिथे जमलं कारण मोठ्यांचे फोन पण बंद झाले.

तुमच्याकडे भोंगा नाही, कुकरची शिट्टी धरा. पहिली शिट्टी झाली की सगळ्यांचे फोन एका डब्यात, तुमचा सगळ्यात आधी. आणि त्या वेळात नातवंडांना नुसतं अभ्यासाला बसवू नका, त्यांच्याबरोबर काहीतरी उघडा, बंद पडलेलं घड्याळ, सेल गेलेला टॉर्च, जुना रेडिओ असेल तर फारच छान. स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात द्या. पुढच्या अंकासाठी मला कळवा काय उघडलंत आणि परत जोडता आलं का.